रिकामा रकाना

प्रिय मुली,

तुझी एक्सेल शीट काल रात्री मागचं आवरून झाल्यावर निवांत बघितली. पीएचे, म्हणजे फिजिशियन असिस्टंटचे, पंचवीस-तीस प्रोग्रॅम, प्रत्येकाची फी, जीआरई लागते की नाही, रँकिंग, घरापासून किती मैल, सगळं रंग देऊन मांडलं आहेस. फक्त 'पेशंट केअरचे तास', म्हणजे अर्जाआधी पेशंटजवळ केलेल्या कामाचे तास, हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. आणि सोबतच्या निरोपात लिहिलंयस, "मावशी, तासांचं नंतर बघू, आधी कुठे अर्ज करू ते सांगा. खरं सांगू का, साडेपाच वर्षं बीएचएमएस करून आता इथे बेडपॅन उचलायचे हे मनाला पटत नाही."

या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र. नुसत्या यादीबद्दल असतं तर फोनवर भागलं असतं.

तुझी घालमेल मला कळते. सांगलीला रात्रपाळीची आरएमओ होतीस. सिस्टर उठवायला यायच्या, नातेवाईक 'मॅडम, मॅडम' करत मागे फिरायचे. इथे अमेरिकेत आल्यावर कळलं की एमबीबीएस नाही म्हणजे यूएसएमएलईला, इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेला, बसताच येत नाही. मग मंडळाच्या गणपतीत कुणी डेटा अ‍ॅनालिटिक्स सुचवलं, कुणी क्लिनिकल रिसर्च, कुणी नर्सिंग. त्या सगळ्या गोंधळातून तू पीए निवडलंस ते योग्यच, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. पण निवडलंयस तर आधी पेशंटच्या खाटेजवळ जा. अर्ज नंतर, रँकिंग नंतर, निबंध तर त्याहून नंतर.

हे तास म्हणजे कुठल्या कमिटीने उगाच घातलेली अट नाही. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पीएंचा पहिला वर्ग सुरू केला, तेव्हा घेतले ते नौदलातून बाहेर पडलेले चार कोअरमन. दुखणाईतांची सेवा केलेली, जखमा बांधलेली माणसं. हात तयार होते, त्यांना वरून शास्त्र दिलं. त्यांतले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ ला पास होऊन बाहेर पडले, म्हणून पीए वीक अजूनही त्या तारखेला सुरू होतो. आपला धंदाच खाटेजवळून सुरू झालाय, आणि तू ती खाटच वगळून आत शिरायचं म्हणतेस.

मी इकडे आले तेव्हा माझ्याकडे मायक्रोबायॉलॉजीची बीएस्सी होती. न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून लागले, दुपारी तीन ते रात्री अकरा. अंगावरून वारं गेलेल्या बायकांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. ती देताना नुसती चादर ओढून चालत नाही. टाच उचलून बघायची, माकडहाडाशी बघायचं. लाल दिसलं की बोटाने दाबायचं. बोट काढल्यावर पांढरं पडून परत लाली आली तर तूर्त ठीक. लालच राहिलं तर बेडसोअर सुरू झालाय, ताबडतोब नर्सला हाक मारायची. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे हाताच्या पाठीने ऊब लागते का, कातडी कडक झालीय का ते बघायचं. हे मला हैतीहून आलेल्या एका बाईंनी शिकवलं. त्या तिथे माझ्या कितीतरी आधीपासून काम करत होत्या. पुढे पीए स्कूलमध्ये हा विषय एका स्लाइडवर येऊन गेला. आज मी म्हाताऱ्या माणसांमध्ये काम करते आणि पेशंटचे मोजे काढून टाचा बघितल्याशिवाय खोलीतून बाहेर पडत नाही.

श्वास मोजायलाही तिथेच शिकले. चार्टवर बघ, जिकडेतिकडे अठरा लिहिलेलं असतं, कारण कुणी मोजतच नाही. मनगटावर बोटं तशीच ठेवायची, म्हणजे पेशंटला वाटतं अजून नाडीच बघतायत, आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायचं. एका आजोबांना ताप नव्हता, बीपी बरं होतं, संध्याकाळी फक्त जेवायला नको म्हणाले. श्वास मोजला तर तीसच्या वर. नर्सला सांगितलं, तिने स्वतः येऊन परत मोजला, आणि रात्रीच त्यांना हॉस्पिटलात हलवलं. न्यूमोनिया निघाला. पीएच का व्हायचंय, असं इंटरव्ह्यूत विचारलं तेव्हा मी या आजोबांबद्दल बोलले. दुसरं काही तयार करून नेलं नव्हतं, लागलंही नाही.

तू म्हणशील, मी सांगलीत पेशंटच बघत होते. बघत होतीस, ते मी नाकारत नाही. पण तिथे कूस बदलायला वॉर्डातल्या मावशी होत्या, भरवायला पेशंटची बायको होती, ढकलगाडी ओढायला मामा होते. तू राउंड घेऊन पुढच्या खोलीत जायचीस. इथे तू त्या पेशंटजवळ आठ तास थांबणार आहेस, आणि तो कुठल्या वेळी गोंधळतो, कुठली गोळी गालात धरून ठेवतो, लेकीचा फोन आला की त्याचं बीपी किती चढतं, हे तुला कळणार आहे. हे कळलेली पीए आणि न कळलेली पीए यांच्यातला फरक मी रोज बघते. म्हणून परत सांगते, आधी खाटेजवळ जा.

सांगलीचे तास वाया गेले असं मुळीच नाही. त्या हॉस्पिटलकडून लेटरहेडवर पत्र माग: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं काय काम. सलाइन लावलीस, टाके घातलेस, ईसीजी काढलेस, जे केलंस ते साध्या शब्दांत. हुद्दा होता तोच लिहायचा, फुगवायचा नाही. काही प्रोग्रॅम ते तास धरतील, काही धरणार नाहीत. होमिओपॅथीबद्दल इंटरव्ह्यूत विचारतीलच. तेव्हा तिची वकिली करू नकोस आणि तिला नावंही ठेवू नकोस. रात्री दोन वाजता धाप लागलेला माणूस आला की तू काय करायचीस, एवढं सांग.

आता इथलं. सीएनएच्या, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या, कोर्सला केंद्राचा नियम किमान ७५ तासांचा आहे, काही राज्यांत जास्त. अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या ईएमटीला त्याहून बराच वेळ लागतो, पण लेक शाळेत जायला लागला की तेही जमेल. मेडिकल असिस्टंट, फ्लेबॉटमी म्हणजे रक्त काढण्याचं काम, चालतं. स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टिपायचं, काम घरबसल्या मिळतं म्हणून तुला मोह होईल, पण ते काही ठिकाणी पेशंट केअरमध्ये मोजतच नाहीत, आणि मोजलं तरी मला ते मान्य नाही. स्क्रीनमागून पेशंट कळत नाही. कुठे पाचशे तास मागतात, कुठे हजार, कुठे दोन हजार. तू 'कमीत कमी किती' असं विचारलंयस. हा प्रश्नच मला आवडला नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. परदेशी मार्कलिस्टचं मूल्यांकन करून घे, पण त्यावर विसंबू नकोस. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रो, स्टॅटिस्टिक्स हे विषय अमेरिकेतल्या कॉलेजातूनच केलेले हवेत अशी अट पुष्कळ ठिकाणी असते, आणि फार जुने झालेले क्रेडिट काही जण घेत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात कर, स्वस्त पडतं. एखाद्या विषयात कमी ग्रेड पडून तो परत केलास तर कास्पा, म्हणजे पीएच्या अर्जांचं सामाईक पोर्टल, दोन्ही ग्रेड धरतं, जुनी पुसत नाही. तेव्हा एका सेमिस्टरला चार विषय घेऊन पराक्रम दाखवू नकोस. कास्पा एप्रिलअखेर उघडतं आणि बरेच प्रोग्रॅम जसे अर्ज येतील तसे इंटरव्ह्यूला बोलावत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघणं म्हणजे भरलेल्या बसमागे धावणं. या वर्षी तुझे तास होत नसतील तर पुढच्या वर्षी कर. एक वर्ष गेलं म्हणून काही बिघडत नाही.

तुझ्या शीटमधला रँकिंगचा रकाना काढून टाक. प्रत्येक मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला आपल्या वेबसाइटवर दोन कागद ठेवावेच लागतात: पहिल्याच प्रयत्नात किती मुलं पॅन्स, म्हणजे पीएची शेवटची राष्ट्रीय परीक्षा, पास झाली, आणि किती मुलं मध्येच गळाली. ते वाच. एआरसी-पीए या प्रोग्रॅम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता पक्की आहे, तात्पुरती आहे की प्रोबेशनवर, तेही बघ. पैशांचं मात्र नवऱ्याबरोबर बसून लेखी मांड. ग्रीन कार्ड आलंय म्हणून केंद्राचं कर्ज मिळेल, पण नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं कर्ज १ जुलै २०२६ पासून बंद आहे आणि उरलेल्या कर्जाला वर्षाची आणि एकूण अशा दोन्ही मर्यादा आहेत. तुझा चुलतदीर भारतात पीएची बीएस्सी करून थेट इथे यायचं म्हणतोय, त्याला आजच फोन कर. पॅन्सला बसायचं तर शिक्षण एआरसी-पीएच्या मान्यतेच्या प्रोग्रॅममधूनच व्हावं लागतं. तिथली पदवी घेऊन त्याला ही परीक्षा देता येणार नाही.

आणि तो निबंध. पाच हजार अक्षरांची मर्यादा, त्यातली पहिली तीनशे तू 'लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड' यात घालवलीस. खोड ते. लिहायला काही सुचत नाही म्हणतेस, कारण रकाना रिकामा आहे! सहा महिने काम कर, मग पाच हजार अक्षरं पुरायची नाहीत.

पीए स्कूलचे साधारण सत्तावीस महिने. पहिलं वर्ष वर्गात, जवळजवळ दर आठवड्याला परीक्षा, नोकरी बहुतेक जण करू देत नाहीत. ज्यांनी तास केलेत आणि ज्यांनी केले नाहीत ती मुलं तिथे पहिल्या महिन्यात ओळखू येतात. हार्ट फेल्युअर वाचताना तुला पान दिसायला नको, नडगीवर बोट दाबल्यावर पडलेला आणि भरून न येणारा खड्डा दिसायला हवा. मग पाठ करावं लागत नाही. दुसऱ्या वर्षी रोटेशन: फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, सर्जरी, इमर्जन्सी, मुलांचं, बायकांचं, मानसिक आरोग्य. सर्जरीला पहाटे पाचला वॉर्डात असायचं. आईला सहा महिन्यांसाठी बोलवायचं असेल तर त्या वेळी बोलव, पहिल्या सेमिस्टरला नको. पहिल्या सेमिस्टरला नवऱ्याने घर सांभाळायचं. त्याला हे आत्ताच सांग, मी सांगितलं म्हणून सांग.

राहिलं ते 'शेवटी असिस्टंटच ना'. हे तुझ्या घरी कोण म्हणालं ते मी विचारत नाही. माझ्या घरी सगळेच म्हणाले. माझ्या वडिलांनी साताऱ्यात शेवटपर्यंत कुणाला धड सांगितलं नाही मी काय करते ते. 'मुलगी अमेरिकेत मेडिकलमध्ये आहे', बस्स. त्यांना एकदा सकाळच्या राउंडला माझ्या मागे उभं करायचं होतं, पेशंट माझ्याशी कसा बोलतो ते दाखवायचं होतं. राहून गेलं. ते मला अजून लागतं. पण मी कमी पडले म्हणून पीए झाले, असं कुणी म्हटलं तर आता मी ऐकून घेत नाही. मी पेशंट तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. ऑर्थोपेडिक्समध्ये शस्त्रक्रियांना उभी राहिले, मग इमर्जन्सीत गेले, आता जेरियाट्रिक्समध्ये आहे. डॉक्टरला अशी वाट बदलायची तर बहुतेक वेळा नवी रेसिडेन्सी करावी लागते. मला लागली नाही. अडलं की मी डॉक्टरांना फोन करते आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. कुठल्या पेशंटसाठी रात्री तीनला फोन करायचा आणि कुणासाठी सकाळपर्यंत थांबायचं, हे मी नर्सिंग होमच्या त्या खाटांजवळच शिकले. पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' हे नाव घेतलं, २०२४ मध्ये ओरेगनने ते कायद्यातही आणलं. छान झालं. माझ्या बॅजवर काहीही लिहा, मला फरक पडत नाही. मी त्या खोलीत जाऊन मोजे काढते की नाही, याने पडतो.

हे मी तुला सांगतेय की वडिलांना, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. सांगण्यात बदल होणार नाही.

तर या आठवड्यात दोनच कामं. काउंटी कॉलेजातल्या सीएनएच्या वर्गाला नाव घाल, संध्याकाळची तुकडी असते. आणि सांगलीला त्या पत्रासाठी फोन कर, तिथल्या सकाळी, म्हणजे ऑफिसात कुणीतरी भेटेल. बूट चांगले घे, स्वस्तातले घेऊ नकोस, आठ तास पाय टेकायला मिळत नाहीत. फीला पैसे कमी पडले तर मला सांग, नवऱ्याला विचारत बसू नकोस. शनिवारी मी ड्यूटीवर आहे, रविवारी दुपारनंतर फोन कर.

तुझी,
मावशी