ऐकायचं कोकणीत, लिहायचं इंग्रजीत

गोव्यातल्या साखळीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलिसातच जायचं म्हणते. उंची 154 सेंटिमीटर, चष्म्याचा नंबर उणे दीड. घरच्यांचं म्हणणं, मुलीच्या जातीला रात्रीची ड्युटी नको. शेजारी सांगतात, वशिल्याशिवाय तिथे पान हलत नाही. आईचे प्रश्न दोन: कॉन्स्टेबलची जाहिरात आली की अर्ज भरू द्यावा, की सरळ बँकेच्या क्लासला घालावं? आणि तिथे नेमकं काम तरी काय असतं?

ताई, आधी दुसरा प्रश्न घेऊ. तो सुटला की पहिल्याचं उत्तर तुमची मुलगी स्वतःच देईल.

पोलीस स्थानकात धावपळीपेक्षा लिखाण जास्त असतं. टेबलासमोर बसलेली बाई आपली तक्रार कोकणीत सांगते, किनाऱ्यावरचा हॉटेल कामगार हिंदीत, परदेशी पर्यटक मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कागदावर मात्र ते सगळं उतरतं इंग्रजीत, कारण गोव्यात एफआयआर, पंचनामे, आरोपपत्रं बहुतेक इंग्रजीतच लिहिली जातात. मराठी माध्यमातून आलेली मुलं मैदानावर महिनोन्महिने घाम गाळतात आणि या गोष्टीची तयारी कोणीच करत नाही. घरी करण्यासारखा सराव सोपा आहे. आजीने किंवा शेजारणीने सांगितलेली एखादी घडलेली गोष्ट घ्यावी, समजा स्कूटर चोरीला गेली, आणि ती दीडशे शब्दांत इंग्रजीत लिहावी. तक्रारदाराच्या तोंडून, म्हणजे ‘मी’ म्हणून. गाडीचा नंबर, रंग, कुठे लावली होती, चावी कोणाकडे, शेवटची कधी दिसली, नाहीशी झाल्याचं कधी कळलं, अंदाजे किंमत. विशेषणं एकही नको. रोज एक, तीन महिने.

नव्या कॉन्स्टेबलच्या वाट्याला येतं ते हे: स्टेशन डायरीतल्या नोंदी, समन्स बजावणं, आरोपीला कोर्टात आणि वैद्यकीय तपासणीला नेणं, पासपोर्टची आणि भाडेकरूंची पडताळणी, नाकाबंदी, रहदारी. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याने 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) भरायचा असतो, तो भरला की नाही हे बघणं किनारी भागात नेहमीचं. आणि बंदोबस्त. शिगमो, कार्निव्हल, इफ्फी चित्रपट महोत्सव, 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, वर्षअखेर. शिरगावच्या जत्रेला तुम्ही देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा मुलगी गर्दीच्या दोरीपाशी उभी असेल. सणाला घरी असणं ही या नोकरीत चैन आहे. रात्रीच्या ड्युटीपेक्षा घरच्यांना हेच जास्त जड जातं, पण पत्रांत त्याबद्दल कोणी विचारत नाही.

गुन्हा मोठा असला की काम कसं असतं ते एका उदाहरणावरून बघा. किनाऱ्यावर एका तरुणाकडे चरस असल्याची खबर आली. अंमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा. त्याच्या कलम 50 प्रमाणे अंगझडतीआधी त्या माणसाला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्या असं म्हणण्याचा त्याला हक्क आहे. हे तोंडी पुटपुटून भागत नाही, कागदावर आलेलं बरं. दोन पंच हवेत, आणि ते त्याच प्रकारच्या दहा खटल्यांत आधी सही करून बसलेले नकोत. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, तेही मोबाईलवर चालतं. मग वजन. चरस 100 ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’, एक किलोच्या वर गेला की ‘व्यावसायिक प्रमाण’, आणि तिथे शिक्षा किमान दहा वर्षं. एलएसडी या अंमली पदार्थाची व्यावसायिक मर्यादा तर 0.1 ग्रॅम. किराणा दुकानातला काटा तिथे काय कामाचा?

एवढं करूनही खटला पडतो तो बहुधा अगदी किरकोळ कारणांनी. पंचनामा रात्री 9.10 ला सुरू झाल्याचं लिहिलेलं असतं आणि स्टेशन डायरीत पथक 9.25 ला बाहेर पडल्याची नोंद. वजन वेष्टनासकट की वेष्टन काढून, हे कोणीच लिहिलेलं नसतं. सील कोणाकडे होतं आणि मुद्देमाल मालखान्यात पोहोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, याचा एक दुवा कागदावर सापडत नाही. बचावाचा वकील तेवढाच धागा ओढतो. सहा महिन्यांची मेहनत त्या पंधरा मिनिटांत वाहून जाते, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात घाम पुसत उभा असतो तो लिहिणारा पोलीस. तुमच्या मुलीला हिशेबाच्या वहीत एक रुपयाचा फरक राहिला तर झोप येत नसेल, तर ती या कामासाठीच आहे.

बी.कॉम. वाया जाईल ही भीतीही काढून टाका. सध्या सामान्य माणसाची मोठी फसवणूक फोनवर होते. 1930 या क्रमांकावर तक्रार आली की पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला याची साखळी काढायची, बँकेला कळवून रक्कम गोठवायची, खातेउतारे जुळवायचे. रायबंदरच्या सायबर पोलीस स्थानकातलं काम हेच. खातेउतारा वाचता येणारी माणसं पोलिसांत थोडी आहेत.

आता रात्रीची ड्युटी. इथे घरच्यांची समजूत उलटी आहे. महिला पोलिसाला रात्री बोलावलं जातं ते कायद्यामुळेच. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करायची नाही. अगदीच अपवाद असला तर दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन, महिला अधिकाऱ्यानेच. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. स्थानकात महिला कर्मचारी मोजक्या असल्या की रात्रीचा फोन त्यांच्यापैकीच कुणाला तरी जातो. हे टळणार नाही. तेव्हा ‘रात्रपाळी असते का?’ असं न विचारता ‘साखळीतून परत येण्याची सोय काय?’ हे विचारा आणि दुचाकी, राहण्याची जागा यांचं आधीच ठरवा.

उंची आणि चष्मा ही मात्र खरी अडचण आहे. सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) सारख्या केंद्रीय दलांत महिला शिपायासाठी उंची 157 सेंटिमीटर लागते आणि चष्मा चालत नाही, चष्म्याशिवायच एका डोळ्याची नजर 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 भरावी लागते. 154 वर तो रस्ता बंद, तिथे वेळ घालवू नये. गोवा पोलिसांच्या भरतीसाठी जाहिरातीतला उंचीचा आकडा अर्ज भरण्याआधी डोळ्यांखालून घाला, कारण अर्धा सेंटिमीटर कमी पडला तरी धावण्याची पाळीच येत नाही. उंची घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मोजू नका. दवाखान्यातल्या पट्टीवर, अनवाणी, सकाळी मोजा. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर आखूड होतो. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला नेत्रविभागात रंगदृष्टीही तपासून घ्या. ठिपक्यांमधले आकडे वाचायची ती चाचणी. वर्दीच्या नोकऱ्यांत रंगांधळेपणावर कोणी सवलत देत नाही, आणि तो असल्याचं अनेकांना शेवटच्या वैद्यकीय तपासणीतच कळतं.

पण वर्दी म्हणजे फक्त पोलीस नव्हे. कस्टम्समध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर हे पद आहे: विमानतळावरची तस्करी, बंदरातला माल, समुद्रकिनाऱ्यावरची गस्त. पदवी कोणतीही चालते, वय 18 ते 30, सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 7 मध्ये, 44,900 रुपये. महिलांना उंची 152 सेंटिमीटर आणि वजन 48 किलो लागतं. शारीरिक चाचणी म्हणजे एक किलोमीटर चालणं 20 मिनिटांत आणि तीन किलोमीटर सायकल 25 मिनिटांत. हसू नका, गोव्यात मुली बारावीपासून स्कूटर चालवतात आणि सायकलवर मात्र कधी बसलेल्या नसतात. दोन महिने आधी भावाची सायकल काढायला सांगा. निवड केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधर स्तरावरच्या परीक्षेतून होते. पहिल्या टप्प्यात 100 प्रश्न, 200 गुण, 60 मिनिटं, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला अर्धा गुण कापला जातो. पणजीला केंद्र असतं. बँकेच्या क्लासमध्ये गणित, तर्क आणि इंग्रजीचा जो अभ्यास होतो, तो इथे जवळजवळ तसाच लागतो. तेव्हा क्लास आणि वर्दी यांत भांडण नाही, क्लासला खुशाल घाला. एकच गोष्ट आधी मान्य करून ठेवायची: नेमणूक गोव्यातच मिळेल याची हमी नाही.

राज्यातच राहायचं असेल तर अबकारी खातं बघा. पत्रादेवी, पोळे, मोले इथल्या नाक्यांवर दारूच्या गाड्या तपासणं, बारचे परवाने, काजूच्या हंगामात भट्ट्यांची पाहणी. कोलवाळच्या कारागृहातही महिला रक्षक लागतात. ते काम बंदिस्त आणि एकसुरी आहे, ते कळून घ्या, मग जा.

पोलिसातच जायचं तर पदवीधर मुलीने उपनिरीक्षकपदाची जाहिरात सोडू नये. कॉन्स्टेबलचाही अर्ज भरावा, पण तिथे थांबू नये. कॉन्स्टेबलपासून हवालदार, सहाय्यक उपनिरीक्षक आणि मग उपनिरीक्षक ही चढण बरीच वर्षं घेते. निवड झाल्यावर प्रशिक्षण आपल्या वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतच. तिथे पहिल्या आठवड्यांत मुली आजारी पडतात त्या बहुतेक हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे आणि नडगीच्या दुखण्यामुळे. रक्त आत्ताच तपासा. धावणं डांबरी रस्त्यावर नको, मातीच्या मैदानावर. पहिले तीन आठवडे चालणं आणि हलकं धावणं आलटून पालटून 25 मिनिटं, आठवड्याला चार दिवस. पुढे 400 मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. 800 मीटरला मुली हरतात ते पहिल्या 200 मीटरलाच, जीव खाऊन सुटल्यामुळे. पावसाळ्यात मैदान बंद म्हणून तयारी बंद ठेवू नका, घरातल्या पायऱ्या आहेत.

वशिल्याचं विचारलंत. नोकरी लावतो म्हणून पैसे घेतल्याच्या प्रकरणांत 2024 मध्ये गोव्यात अटका झाल्या, ते तुम्ही वाचलं असेलच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. जी मुलगी उद्या दुसऱ्यावर गुन्हा नोंदवणार, तिची नोकरी गुन्ह्यातून सुरू व्हावी का, एवढंच घरात विचारा. आणि तसं कोणी आलंच तर दागिने मोडण्याआधी त्याच्याकडून लेखी मागा. तो परत येणार नाही.

शेवटी कागद, कारण ते जाहिरातीनंतर जमवायला घेतले की मुदत निघून जाते. डिचोलीच्या मामलेदार कचेरीतून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं चालू कार्ड, लागू असेल तर जातीचा दाखला. राज्याच्या नोकरीला कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं, त्याची तुम्हाला चिंता नाही. चिंता नावाची. जन्मदाखल्यावर ‘नायक’ एका स्पेलिंगने, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्याच, असं आपल्याकडे पोर्तुगीज वळणाच्या नोंदींमुळे घराघरांत आहे. तिन्ही कागद एका टेबलावर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर नाव बदलण्याचा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे, 1990 चा, आणि ती प्रक्रिया एका आठवड्यात होत नाही. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात एखादा जुना खटला, अगदी शेजारच्या भांडणातलाही, लपवू नये. खटल्यापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालापासून उमेदवारांचं यावरच अडतं.

या आठवड्यात तीन कामं करा: उंची मोजा, डोळे तपासा, नावाची स्पेलिंगं ताडा. उंचीचा आकडा आणि रंगदृष्टीचा निकाल पुढच्या पत्रात कळवा, म्हणजे कोणती जाहिरात धरायची आणि कोणती सोडायची ते नक्की सांगता येईल.