गिअर टाकताना मागून ‘खट्ट’ वाजते, डिफरन्शियल उघडावे का?

काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री वाहणारी आपली पिकअप रिव्हर्स टाकताना, तसेच ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना मागून ‘खट्ट’ वाजते आणि मिस्त्रींनी थेट डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणारा गिअरांचा संच) खोलायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. कृपया घाई करू नका. क्लचपासून चाकापर्यंत जवळपास प्रत्येक जोडात थोडाफार प्ले म्हणजे ढिलेपणा असतो, तो साठत जातो आणि आवाज मात्र सगळा एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. म्हणून ढिलेपणा नेमका कुठे आहे, हे आधी हाताने तपासावे.

गाडी सपाट जागी लावून, चाकांना पुढून-मागून दगड देऊन, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन बंद करून गिअर न्यूट्रल ठेवावा. सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावरच खाली शिरावे. नागपूरच्या मे महिन्यात त्याला बराच वेळ लागतो. आता एक हात क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाला असलेल्या, अधिकच्या चिन्हासारख्या जोडाच्या) अलीकडे, दुसरा पलीकडे ठेवून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा लांब दांडा, उलटसुलट फिरवावा. एक बाजू आधी हलली आणि दुसरी किंचित उशिरा, तर तो क्रॉस गेला आहे, कारण तिथे हाताला जाणवेल एवढा प्ले मुळीच चालत नाही. क्रॉसच्या टोपीभोवती गंजासारखी तांबूस भुकटी साचलेली असेल, तर आतल्या बेअरिंगच्या सुया ग्रीसविना कोरड्या पडल्या आहेत, असे समजावे. शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास मधल्या आधाराचे, म्हणजे सेंटर बेअरिंगचे रबरही पाहावे.

क्रॉस घट्ट असूनही शाफ्ट थोडा फिरतो, हे पाहून पुष्कळजण घाबरतात. क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-लहान गिअरांच्या, दातांत फट ठेवावीच लागते. शिवाय डिफरन्शियलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीत शाफ्टच्या किती फेऱ्या) चारच्या आसपास असेल, तर चाकाकडचा एका अंशाचा ढिलेपणा शाफ्टवर चार अंशांचा दिसतो. मात्र पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला बोल्टने जोडलेला असतो ती चकती) वर-खाली हलत असेल, तर पिनियनचे बेअरिंग खराब आहे. डिफरन्शियलच्या ऑइलमध्ये धातूचे तुकडे निघाले, तरीही ते उघडणे भाग आहे.

माल वाहणाऱ्या गाडीत पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट सैल होऊनही असाच आवाज येतो, तेव्हा तेही आवळून पाहावेत. इंजिनचे फाउंडेशन (इंजिनखालचे रबरी आधार) फाटलेले नाही ना, हेही बघावे.

क्रॉसच बदलायचा ठरला, तर शाफ्ट काढण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने खूण करून घ्यावी, म्हणजे तो होता तसाच बसेल आणि नवी थरथर सुरू होणार नाही. शाफ्ट निघाल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळू शकते, म्हणून काम संपेपर्यंत चाकांचे दगड काढू नयेत.