नवा लॉकर, जुनी पाऊणकी : मिडल स्कूलच्या पालकांचे प्रश्न

अमेरिकेत शाळा उघडून आता दीड-दोन महिने झाले आहेत. सहावी ते आठवी, म्हणजे इथल्या मिडल स्कूलमध्ये, मुले असलेल्या घरांतून आलेल्या पत्रांपैकी पाचांना या वेळी उत्तरे देत आहे. मी स्वतः याच वर्गांना गणित शिकवते, तेव्हा गणिताचे पारडे थोडे जड झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मुलगी यंदा सहावीत गेली. पाचवीपर्यंत एकच शिक्षिका होत्या, आता सात शिक्षक आहेत आणि ती रोज काहीतरी विसरते. मी रोज रात्री ॲपवर ग्रेड पाहते आणि जिथे 'मिसिंग' दिसेल ते तिच्याकडून लगेच पूर्ण करून घेते. तरी सुधारणा नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : सहावीच्या पहिल्या सत्रातला अर्धा अभ्यासक्रम कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो. लॉकरचे कुलूपच पाहा. डायल उजवीकडे दोन पूर्ण फेरे फिरवून पहिल्या अंकावर थांबायचे, मग डावीकडे फिरवत पहिला अंक एकदा ओलांडून दुसऱ्यावर यायचे आणि शेवटी उजवीकडे थेट तिसऱ्यावर. एक रेघ पुढे गेली की सारे पहिल्यापासून. दोन तासांच्या मधल्या तीन-चार मिनिटांत, गर्दीत, हे जमले नाही की मूल लॉकरच्या नादी लागणेच सोडते, सगळी पुस्तके पाठीवर घेऊन हिंडते आणि नेमकी हवी ती वही घरी राहते. तसे एक कुलूप विकत आणून ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडाभर ठेवा आणि तिला येता-जाता उघडू द्या. हा सल्ला ऐकून हसलेले पालक नंतर आभार मानून गेले आहेत.

ॲपचे मात्र आपण उलटे करून ठेवले आहे. 'मिसिंग' हा शब्द अनेकदा शिक्षकांनी गुण अजून भरले नाहीत म्हणूनही दिसतो, आणि तो आधी आपल्याला दिसत असल्यामुळे आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडे आले आहे, तिच्याकडे राहिलेलेच नाही. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, तिनेच ॲप उघडावे आणि आपण शेजारी बसावे. काही राहिले असेल तर शिक्षकांना दोन ओळींची ईमेल तिने लिहावी. पहिल्या ईमेलला पाऊण तास लागेल, तो लागू द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सध्या मुलीकडे आलो आहे. सहावीतल्या नातवाला अपूर्णांकांचा भागाकार 'उलटा करून गुणा' असा शिकवला. उत्तर बरोबर असूनही त्याच्या शिक्षिकेने 'कारण दाखव' असा शेरा मारला. उत्तर बरोबर असताना चित्रांचा हा खटाटोप कशासाठी? (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : सर, आपली रीत चूक नाही, आणि शिक्षिकाही ती चूक म्हणत नाहीत. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणे हा इथे सहावीचाच विषय आहे, आणि त्यात उत्तराबरोबर त्याचा अर्थ सांगता येणेही अपेक्षित असते.

एक उदाहरण घेऊ. पाऊण वाटी तूप आहे आणि एका घावनाला अष्टमांश वाटी लागते, तर किती घावने होतील? नातू ३/४ गुणिले ८ करून सहा सांगेल. पण आठाने गुणायचे का, असे विचारले तर बहुतेक मुले 'नियम आहे' म्हणून गप्प बसतात. आता त्याला वाटीचे चित्र काढू द्या. एक पूर्ण वाटी तूप असते तर आठ घावने झाली असती. आपल्याकडे पाऊणच वाटी आहे, म्हणून आठाची पाऊणपट, म्हणजे सहा. 'उलटा करून गुणा' या नियमाचे सारे रहस्य इतकेच आहे : भाजकाने आधी एका पूर्णाचे किती भाग होतात ते सांगितले, आणि मग आपल्याजवळ जितके आहे तितका त्यातला हिस्सा घेतला.

आपल्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे पाठ केले. कुणी औटकीपर्यंतही, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, गेले. पाऊणकीत आठाला सहा येतात हे आपल्याला विचार न करता सुचते. नातवाला पाऊणकी जरूर म्हणून दाखवा, चित्र काढल्यानंतर. मग २/३ भागिले ३/४, म्हणजे २/३ वाटीत पाऊण वाटीची किती वाढपे होतील, हे गणित द्या. दोन्ही बाराव्या भागांत मांडले की आठ भागिले नऊ होते आणि उत्तर ८/९ येते, म्हणजे एकसुद्धा पूर्ण वाढप होत नाही. येथे भागाकार म्हणजे काय, हे ज्याला समजले नाही तो मुलगा 'उत्तर एकपेक्षा लहान कसे?' म्हणून अडतो, आणि तो अडावा हाच शिक्षिकेचा हेतू असतो.

प्रश्न : शाळेने सातवीतल्या मुलाला वेगवान गणिताच्या वर्गात घेतले नाही. म्हणजे आठवीत अल्जेब्रा वन नाही आणि बारावीत कॅल्क्युलस नाही, असे मित्र सांगतात. शिकवणी लावावी का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : मित्रांची साखळी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. आठवीत अल्जेब्रा वन झाले की नववीत भूमिती, दहावीत अल्जेब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा क्रम लागतो. अल्जेब्रा वन नववीत आले तर कुठेतरी एक वर्ष वाचवावे लागते. त्यासाठी अनेक हायस्कुलांत भूमिती आणि अल्जेब्रा टू एकाच वर्षी घेता येतात किंवा एक विषय उन्हाळ्यात पुरा करता येतो. आपल्या हायस्कुलात यातले काय चालते हे काउन्सेलरना आजच विचारावे. शिकवणीपेक्षा त्या उत्तराचा उपयोग जास्त आहे.

हा वाद आपल्या घरापुरता नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतला अल्जेब्रा वन काढून टाकला, सर्व मुले एकाच वाटेने गेली तर विषमता घटेल या विचाराने. वर्षानुवर्षे पालक भांडले, अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा मंडळाने तो परत आणायचे ठरवले आणि मार्चमध्ये मतदारांनी ऐंशी टक्क्यांहून अधिक मतांनी त्याच बाजूने कौल दिला. मी स्वतः आठवीत अल्जेब्रा उपलब्ध असावा या मताची आहे. पण नेहमीच्या आठवीच्या गणितातही रेषीय समीकरणे, फलने, अपरिमेय संख्या आणि पायथागोरसचे प्रमेय असतेच, ते काही फावल्या वेळाचे गणित नव्हे. ऋण संख्यांत आणि गुणोत्तरांत कच्चा असलेला मुलगा वर्षभर आधी अल्जेब्रात ढकलला तर पुढची दोन वर्षे चिन्हांच्या चुका निस्तरत बसतो. त्याची वही उघडून पाहा. उणे तीनचा वर्ग आणि तीनच्या वर्गाचा उणे, यांतला फरक त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत असेल तर जरूर फेरपरीक्षा मागा.

प्रश्न : सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत आहे. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या मुलाला वर्गात जातिव्यवस्थेवर प्रश्न विचारले गेले आणि तो गोंधळला. आम्ही आधीच काय तयारी करावी? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : अजून वेळ आहे. कॅलिफोर्नियाच्या सहावीत शरदात आदिमानव, मेसोपोटेमिया आणि इजिप्त चालतात, भारत त्यानंतर येतो. हडप्पा, बुद्ध, अशोक, जातिव्यवस्था, तसेच संस्कृत साहित्य, वैद्यक, धातुविद्या आणि शून्य, हे सारे राज्याच्या अभ्यासक्रमात आहे. २००५-०६ मध्ये या पाठ्यपुस्तकांवरून मोठा वाद झाला होता, त्यामुळे शिक्षकही हा भाग जपून शिकवतात.

मुलाला बचावाची भाषणे पाठ करून देऊ नका. जातीविषयीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर घरात प्रामाणिकपणे दिले गेले पाहिजे. 'साऱ्या भारताच्या वतीने मी बोलू शकत नाही' हे वाक्यही अकरा वर्षांच्या मुलाला उपयोगी पडते. त्याच्याजवळ स्वतः पाहिलेले एखादे स्थळ मात्र असावे. एकवीरेच्या दर्शनाला कधी गेला असाल तर शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाचे, म्हणजे लेण्यात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाचे, फोटो काढून ठेवा. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत धेनुकाकट या गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी) दिलेल्या दानाची नोंद आहे. ग्रीस, रोम आणि भारत हे त्याच्या पुस्तकातले तीन वेगळे धडे त्या एका खांबाशी येऊन मिळतात.

प्रश्न : मुलीने बँडमध्ये क्लॅरिनेट घेतले आहे. महिना झाला, नुसते चिरकते. सोडून द्यावे का? (ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर : नको. चिरकण्याचे कारण बहुधा दोनांपैकी एक असते : बोटे भोके पूर्ण झाकत नाहीत, किंवा रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाला बसवलेली वेताची पातळ पट्टी, फार कडक आहे. नवख्यांना दोन किंवा अडीच क्रमांकाची रीड पुरते. तीनची आणली असेल तर बदला. वाद्य अजून विकत घेतले नसेल तर वर्षभर भाड्यानेच ठेवा, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडे दिवाळीचा फराळ यंदा थोडा लवकर पाठवा.