हँडहेल्ड जीपीएसवर अंतर आणि बेअरिंग देऊन दूरच्या जागेचा वेपॉइंट कसा टाकतात? माझा भलतीकडेच का पडला?

तुमच्या प्रश्नातला एक तपशील फार कामाचा आहे, म्हणून तो आधी परत मांडतो. इंदूरजवळच्या चोरलकडच्या दरीच्या काठाने चालत तुम्ही एका उघड्या खडकावर थांबलात. समोरच्या उतारावर पडकी चौकी दिसली, पण तिकडची वाट ठाऊक नव्हती. गार्मिनच्या ईट्रेक्स 22एक्सच्या कंपासच्या पानावर दिशा, म्हणजे बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला कोन), पाहिली, मित्राच्या लेझर रेंजफाइंडरवर (अंतरमापकावर) 640 आलं, दोन्ही आकडे भरून वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवायचा बिंदू, टाकला. घरी येऊन नकाशा उघडला तर बिंदू दरी ओलांडून गेलाच नव्हता, तुमच्याच बाजूला काठाला धरून पुढे पडला होता.

काठाला धरून पडला, यातच सगळं आलं. 22एक्समध्ये चुंबकीय कंपास नाही. तो 32एक्समध्ये आहे. 22एक्सच्या पडद्यावर कंपासची तबकडी दिसते खरी, पण ती फिरते तुमच्या चालण्यावरून: आत्ता कुठे होतो, मघाशी कुठे होतो, यातून यंत्र दिशा काढतं. तुम्ही थांबलात की ते शेवटची दिशा धरून बसतं, नाहीतर इकडेतिकडे भरकटतं. तुम्ही काठाने चालत आलात आणि उभे राहून दरीकडे वळलात. तुम्ही वळलात हे यंत्राला कळलंच नाही. त्याने काठाची दिशा दाखवली, तुम्ही ती भरली, आणि बिंदू अगदी हिशोबाने चुकीच्या जागी पडला.

म्हणून साधं हातातलं होकायंत्र घ्या. नेम धरून बघायची सोय असलेलं, आरशाचं किंवा भिंगाचं, हवं. फोनमधला कंपास अंदाजापुरता ठीक, पण मागे चुंबकाचं कव्हर असेल तर तेवढ्यालाही नाही.

बटणांचं काम थोडक्यात. उभे आहात तिथे वेपॉइंट मार्क करा. घाई नसेल तर मेनूतलं वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग वापरा, पाच-दहा मिनिटं जातात पण सुरुवातीचा बिंदू पक्का होतो. मग वेपॉइंट मॅनेजर उघडा, तो बिंदू निवडा, मेनू दाबा, प्रोजेक्ट वेपॉइंट. आधी बेअरिंग विचारेल, मग एकक, मग अंतर. सेव्ह करा आणि लगेच नाव बदला, नाहीतर 014 म्हणजे चौकी की पार्किंग हे आठवड्याने आठवत नाही.

बटणं एवढीच. खरी मेहनत त्या दोन आकड्यांवर करायची असते, आणि त्यातही बेअरिंगवर जास्त.

अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत तर खरी उत्तर (ध्रुवाची दिशा) आणि चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) यांवरून बराच वेळ घाबरवतात. त्यांचं बरोबर आहे. वॉशिंग्टन राज्यात सुई खऱ्या उत्तरेपासून साधारण 15 अंश पूर्वेला, तर मेनमध्ये जवळजवळ तितकीच पश्चिमेला असते. इंदूरला मात्र हा फरक सध्या एका अंशाच्याही आत आहे. 640 मीटरवर एक अंश चुकला तर बिंदू 11 मीटर सरकतो. तेव्हा सेटअपमधल्या हेडिंगमध्ये नॉर्थ रेफरन्स ट्रू आहे की मॅग्नेटिक ते एकदा बघून घ्या, पण तुमची गडबड त्याने झालेली नाही. तिथे ग्रिड किंवा यूजर निवडलेलं असेल तर मात्र बदला. आणि कोन अंशातच दाखवायला सांगा. मिल हे कोनाचं दुसरंच एकक निवडलेलं असेल तर, समजा, 235 अंशांसाठी भरलेला 235 हा आकडा पार वेगळीकडे नेतो.

आपल्याकडचा घोळ निराळा आहे, आणि त्या व्हिडिओंत तो क्वचितच सापडेल. माळवा आणि त्याखाली उतरणाऱ्या या सगळ्या दऱ्या बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पत्थराच्या. त्यात मॅग्नेटाइट असतं. उघड्या कातळावर, विशेषतः वीज पडून गेलेल्या टोकांवर, सुई काही अंश सहज ओढली जाते. होकायंत्र खडकावर ठेवून वाचणं तर अगदीच टाळा. छातीच्या उंचीवर धरा, एकदा वाचा, दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन पुन्हा वाचा. लांबच्या चौकीचा कोन एवढ्याने एक-दीड अंश बदलू शकतो. त्याहून जास्त बदलला तर खडक खोड्या काढतोय असं समजा. मोटरसायकल, किल्ल्यांचा जुडगा आणि खुद्द जीपीएससुद्धा हातभर लांब ठेवा. मोटरसायकल अर्थात त्याहून बरीच लांब.

यावर एक उपाय आहे, तो मी प्रत्येक वेळी करतो. उभ्या जागेवरून दिसणारी, किमान एक-दोन किलोमीटर लांबची, नेमकी ओळखता येणारी वस्तू निवडा: मोबाईलचा टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस. जानापाव दिसत असला तरी डोंगराचं टोक घेऊ नका, आपण त्यावरचा नक्की कुठला बिंदू बघतोय ते ठरत नाही. त्या टॉवरचे अक्षांश-रेखांश फोनवरच्या उपग्रह नकाशातून घेऊन वेपॉइंट करून ठेवा. आता जीपीएसला विचारा, इथून टॉवर कुठल्या बेअरिंगवर? समजा 118 आलं. होकायंत्राने तोच टॉवर बघा. समजा 114 आलं. म्हणजे या जागेवर, या होकायंत्राला, तुमच्या हातात 4 अंश मिळवायचे. चौकी 231 वर दिसली तर यंत्रात 235 भरा. खडकाची ओढ, चुंबकीय उत्तरेचा फरक, होकायंत्राची स्वतःची खोट, सगळं या एका वजाबाकीत निघून जातं. ती दुरुस्ती फक्त त्याच जागेपुरती, पुढच्या थांब्यावर नव्याने काढायची.

टॉवरचे आकडे भरताना एक सापळा आहे. फोन 22.5130 असं दशांश अंशात दाखवतो आणि गार्मिनला बहुधा अंश-मिनिटं हवी असतात. 22.5130 अंश म्हणजे 22 अंश 30.78 मिनिटं. कुणी तेच आकडे 22 अंश 51.30 मिनिटं असे भरले तर टॉवर 38 किलोमीटर उत्तरेला जातो. यंत्रातला पोझिशन फॉरमॅट बदलून घेणं सोपं.

अंतराकडे वळू. पहिली शंका: ते 640 मीटर होते की यार्ड? बाजारात मिळणारे बरेच रेंजफाइंडर गोल्फसाठी बनवलेले असतात आणि यार्ड दाखवतात. 640 यार्ड म्हणजे 585 मीटर. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षर असतं, ते बघा. दुसरं, लेझर नजरेच्या तिरप्या रेषेचं अंतर मोजतो आणि प्रोजेक्शनला आडवं अंतर लागतं. 10 अंश खाली बघत असाल तर 640 चे 630 होतात, एवढ्याला मी हात लावत नाही. 25 अंशांना मात्र 580 च उरतात. पाताळपाणीच्या धबधब्यासारख्या ठिकाणी वरून थेट खाली बघताना हा हिशोब केलाच पाहिजे. समोरचा उतार साधारण तुमच्याच उंचीवर असेल तर सोडून द्या.

यंत्राने बरोबर केलं का, हे ताडून बघायला मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. अंतराला बेअरिंगच्या कोसाइनने गुणलं की उत्तरेकडचं, साइनने गुणलं की पूर्वेकडचं अंतर मिळतं. 640 मीटर आणि 235 अंशांना हिशोब येतो 367 मीटर दक्षिण, 524 मीटर पश्चिम. इंदूरच्या अक्षांशावर अक्षांशाचं एक मिनिट सुमारे 1846 मीटर आणि रेखांशाचं 1712 मीटर धरा. म्हणजे नव्या बिंदूचा अक्षांश 0.199 मिनिटांनी आणि रेखांश 0.306 मिनिटांनी कमी दिसायला हवा. दिसला तर भरणं बरोबर झालं.

रेंजफाइंडर नसेल तर? मग दोन जागांवरून बघा. काठावर अ आणि ब असे दोन बिंदू घ्या, दोन्ही मार्क करा, त्यांच्यातलं अंतर जीपीएसच सांगेल. अ वर उभं राहून ब आणि चौकी यांच्यातला कोन होकायंत्राने काढा. दोन्ही वाचनं त्याच जागेवरून, त्याच होकायंत्राने घेतली की सुईची स्थानिक ओढ वजाबाकीत आपोआप कटते. ब वरून तसंच. समजा अ-ब 500 मीटर, अ जवळचा कोन 70, ब जवळचा 60, तर चौकीजवळचा उरला 50. अ पासून चौकी 500 गुणिले साइन 60 भागिले साइन 50, म्हणजे 565 मीटर. तो उरलेला कोन 30 च्या खाली गेला तर अ आणि ब आणखी लांब घ्या, नाहीतर एखाद्या अंशाच्या चुकीने उत्तर बरंच हलतं.

इंग्रजांच्या काळात भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने हेच केलं, फार मोठ्या प्रमाणावर आणि फार मोठ्या थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राने. त्याने 1824-25 मध्ये आपल्याच विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजला एक आधाररेषा मोजली, पुढे 1837-38 मध्ये ती पुन्हा मोजून घेतली, आणि बाकी देश कोनांवर तोलला. सिरोंजजवळचं कल्याणपूर हा जुन्या भारतीय नकाशांचा आरंभबिंदू. हे सांगायचं कारण म्हणजे प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की घरी आजोबांच्या वेळचा टोपो नकाशा आहे आणि त्यावरूनही बिंदू टाकायचेत. टाका, पण तो नकाशा एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या त्याच्या हिशोबावर, बेतलेला आहे आणि तुमचं यंत्र डब्ल्यूजीएस 84 या जीपीएसच्या हिशोबावर चालतं. त्याचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरलेत तर आपल्या भागात बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो. 2005 च्या नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने काढलेल्या ओपन सिरीजच्या नकाशांना ही अडचण नाही, ते डब्ल्यूजीएस 84 वरच आहेत.

आता तिकडे जाण्याबद्दल. प्रोजेक्ट केलेल्या बिंदूवर गो दाबलं की यंत्र सरळ रेघ दाखवतं, आणि तुमच्या बाबतीत ती रेघ कड्यावरून खाली जाते. वाट वेगळी शोधा, गावात विचारा. पावसाळ्यात त्या काठांवर शेवाळ असतं आणि रविवारी सेल्फीवाल्यांची गर्दी, दोन्हींपासून लांब राहा. महूच्या बाजूला सैन्याच्या फायरिंग रेंज आहेत, तुमचा बिंदू किंवा तिकडची वाट त्यांच्या हद्दीत पडत नाही ना हे आधी खात्री करून घ्या.

पोचल्यावर चौकी समोर दिसली नाही तर गोल गोल फिरू नका. लेझरचं अंतर मीटर-दोन मीटरमध्ये बरोबर असतं, जीपीएस उघड्यावर पाचेक मीटर इकडेतिकडे, पण हातातल्या होकायंत्राची एक-दोन अंशांची चूक 640 मीटरवर 11 ते 22 मीटर होते. म्हणजे चूक बहुतेक आडवी असते, नजरेच्या रेषेला काटकोनात. तुमची रेषा 235 ची, तेव्हा बिंदूपासून आधी 325 कडे तीसेक मीटर, मग उलट 145 कडे तेवढंच बघा. झाडीत शोधायची असेल तर एकाला अलीकडच्या खडकावरच भडक रंगाचा शर्ट घालून बसवा, तो हाताने डावं-उजवं दाखवेल. फोनवर विसंबू नका, त्या दऱ्यांत रेंज मिळेलच असं नाही. सापडली की तिथे उभं राहून नवा वेपॉइंट घ्या आणि प्रोजेक्ट केलेला काढून टाका, दोन्ही ठेवले तर पुढच्या खेपेला चुकून तोच निवडला जातो.