महिंद्रा पिक-अप की जीडब्ल्यूएम कॅनन: मेलबर्नमध्ये कामासाठी जुनी डिझेल यूट घ्यायची तर कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीटला राहता, बागकाम आणि किरकोळ दुरुस्तीची कामं स्वतःच्या एबीएनवर (धंद्याच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर) सुरू केलीत, घरी बायको आणि दोन लहान मुलं, आणि सध्या गाडी एकच परवडणार. दोन यूट, म्हणजे मागे माल वाहायची जागा असलेल्या पिकअप गाड्या, बघून ठेवल्यात. दोन्ही 2022 च्या, डबल कॅब, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक डिझेल. महिंद्राला मागे ॲल्युमिनियमचा उघडा ट्रे आहे, कॅननला कंपनीचा टब, म्हणजे पक्क्या कडांचा हौदा. किमतीत फारसा फरक नाही.

मी इथेच पश्चिमेकडे कुंपणं घालायची कामं करतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: कॅनन घ्या. पण घरात मुलांसाठी दुसरी गाडी असती, तर तितक्याच ठामपणे महिंद्रा म्हटलं असतं.

कारण सरळ आहे. आठवड्याचे पाच दिवस ही गाडी फावडी-कुदळी वाहणार आणि शनिवारी मागच्या सीटवर पोरं बसणार. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या एनकॅपच्या चाचणीत महिंद्रा पिक-अपला 2012 साली 3 तारे मिळाले होते आणि तिला एअरबॅग पुढे दोनच. कॅननला 2021 साली 5 तारे मिळाले, एअरबॅग सात, आणि समोर काही आडवं आलं तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. महिंद्रात ती नाही. 2002 च्या स्कॉर्पिओच्या खानदानातली गाडी आहे ती, हाडापेराने मजबूत, पण तिचा जन्म त्या काळातला. आपलं माणूस म्हणून तिच्याकडे ओढा वाटतो हे मला ठाऊक आहे. गावाकडे कांद्याच्या गोण्या लादलेल्या बोलेरो पिकअप बघतच आपण मोठे झालो. पण हप्ते फेडताना तो ओढा कामाला येत नाही.

आता वजनाकडे या. नवीन माणूस फसतो तो इथेच. कॅननची भार वाहायची क्षमता 1,050 किलो. ऐकायला भरपूर वाटतं. त्यातून तुम्ही आणि एक मदतनीस, धरा 160 किलो. टोबार (ट्रेलर जोडायचा दांडा), शिडीचा रॅक आणि हत्यारांची पेटी मिळून सव्वाशे-दीडशे. गवत कापायचं मशीन, ब्लोअर, पेट्रोलचे डबे, फावडी, पहारी, सिमेंटच्या दोन-तीन गोण्या, हे दोनशेच्या घरात जातं. उरले साडेपाचशे. आणि मागे ट्रेलर असेल तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टोबारच्या गोळ्यावर येतो, तोही याच हिशेबात.

मग तुम्ही माती-खडी विकणाऱ्या लँडस्केप यार्डात जाता आणि लोडरवाल्याला म्हणता, अर्धा क्यूब माती टाक. अर्धा क्यूब म्हणजे अर्धा घनमीटर, वजनाने सहाशे ते साडेसातशे किलो, पाऊस पडून गेला असेल तर त्याहून जास्त. बादली उलटी झाली की गाडीचा पार्श्वभाग खाली बसतो, नाक वर येतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. लोडरवाला काही बोलत नाही, त्याला पुढचं गिऱ्हाईक असतं. अपघात झाला आणि गाडी जादा भरलेली निघाली, तर विमा कंपनीशी वाद घालत बसाल. माती नेहमी ट्रेलरमध्ये घ्या, आणि पालापाचोळा, मल्च वगैरे हलकं सामान टबात.

ट्रेलरचाही नियम ध्यानात ठेवा. ट्रेलर आणि माल मिळून 750 किलोच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, 2,000 किलोच्या वर सगळ्या चाकांना. साधा सहा बाय चार फुटांचा ट्रेलर रिकामाच दोन-अडीचशे किलोचा असतो, म्हणजे बिनब्रेकच्या ट्रेलरमध्ये माती पाचशे किलोच. ब्रेकवाला ट्रेलर जोडला तर कॅनन 3,000 किलोपर्यंत ओढते, महिंद्रा 2,500. तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतात, त्यामुळे या आकड्यावर भांडू नका.

इंजिनाचंही तसंच. महिंद्राचं 2.2 लिटर, 103 किलोवॅट आणि 320 न्यूटन-मीटर, सहा गिअर. कॅननचं 2 लिटर, 120 किलोवॅट आणि 400 न्यूटन-मीटर, आठ गिअर. शहरात जाणवणार नाही. बॅलराटच्या बाजूला कामं घेतलीत तर बॅकस मार्शच्या पुढे पेंटलँड हिल्सचा चढ लागतो, तिथे ट्रेलर मागे असताना जाणवेल.

महिंद्राचं जे खरंच उजवं आहे ते म्हणजे तो ट्रे. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात, कडेने उभं राहून माल चढवता येतो, खोऱ्याने ओढून ट्रे झाडता येतो. टबात वाकून, चाकाच्या उंचवट्यांभोवती खरवडत बसावं लागतं. इथलं प्रमाणित पॅलेट 1,165 मिलिमीटर चौरस असतं. ते ट्रेवर सपाट बसतं. बहुतेक डबल कॅबच्या टबात चाकांच्या मध्ये बसत नाही. कंबर तिशीत कुरकुरत नाही, पण पुढे कुरकुरते. फक्त ट्रेचं स्वतःचं वजन, सव्वाशे-दीडशे किलो, तेही भारातून वजा करायला विसरू नका.

कॅनन घ्यायच्या आधी घरी टेप काढा. गाडी 5.41 मीटर लांब आहे आणि इथली पार्किंगची जागा आखतात साधारण 5.4 मीटरची. वेरिबीच्या मॉलमध्ये नाक बाहेर राहणारच. नव्या वसाहतींतल्या गॅरेजात गाडी आत गेली तरी दार लागेल का, हे मोजूनच ठरवा.

दोन्ही डिझेल असल्यामुळे डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, दुखणं दोन्हीकडे. गिऱ्हाईकं सगळी टारनीट, ट्रुगनिना, हॉपर्स क्रॉसिंगमधली असतील तर इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं आणि फिल्टरमध्ये काजळी साचत जाते. आठवड्यातून एकदा गाडी फ्रीवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने पळवा. विकणाऱ्यालाही हेच विचारा: गाडी कुठे चालायची? शाळा-दुकान-घर असं उत्तर आलं तर मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या.

बाकी तपासणी नेहमीचीच. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीवर 2 डॉलर भरून गाडीवर कर्ज आहे का बघा, गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं रोडवर्दी प्रमाणपत्र मागा, सर्व्हिसचं पुस्तक पानं उलटून बघा. कॅननला नवी असताना 7 वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी मिळते, म्हणजे 2022 च्या गाडीवर अजून काही शिल्लक असेल. कामाच्या वापरासाठी काही अटी आहेत का, ते मात्र वॉरंटीच्या पुस्तकात वाचूनच घ्या.

करांचं थोडं. एक टन किंवा त्याहून जास्त भार वाहणारी गाडी करखात्याच्या व्याख्येत ‘कार’ नसते, त्यामुळे किलोमीटरमागे ठरावीक सेंट ही सोपी पद्धत कॅननला लागू नाही. प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या ठेवा. आणि ‘यूट आहे, सगळा खर्च धंद्यात टाक’ असं मित्रमंडळी सांगतील, ते ऐकू नका. शनिवारच्या फेऱ्यांचा हिस्सा वजा करावाच लागतो. तुम्ही जीएसटीला नोंदणीकृत असाल (75,000 डॉलर उलाढालीनंतर सक्तीची), तर डीलरकडून घेतलेल्या गाडीवर धंद्याच्या वापरापुरता जीएसटी परत मिळतो. सामान्य माणसाकडून खासगीत घेतली तर नाही. तुमची महिंद्रा डीलरकडे आहे आणि कॅनन खासगीत, असं असेल तर भाव करताना हा फरक कॅननवाल्याकडून कापून मागा. आणि बघायला जाताना मुलांच्या दोन्ही सीट सोबत न्या, त्याच्या अंगणातच बसवून बघा.