बेडलम, मेहेम, शॅम्बल्स: सगळ्यांना गोंधळच म्हणायचं का?

प्रश्न असा आहे: केऑस, बेडलम, पँडेमोनियम, मेहेम, हॅवक, शॅम्बल्स, यातला कुठलाही शब्द शब्दकोशात काढा, समोर 'गोंधळ' असतोच. मग इंग्रजीला इतके शब्द लागतात कशाला आणि कुठला कुठे वापरायचा?

यातला एकही शब्द मुळात गोंधळाचा नाही. प्रत्येकजण दुसरीकडून आलाय आणि येताना तिथला वास घेऊन आलाय. शॅम्बल्सच्या बाबतीत तर अक्षरशः. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता बसायचं स्टूल. मग मटण विकायला मांडलेलं बाक, मग खाटीकआळी, सोळाव्या शतकापर्यंत कत्तलखाना आणि तिथून रक्तपाताची जागा. नुसता 'बट्ट्याबोळ' हा सौम्य अर्थ विसाव्या शतकातला. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची गल्ली अजून आहे आणि तिथल्या दुकानांवर मटण टांगायचे आकडेही दिसतात. शब्द अनेकवचनी वाटला तरी 'अ शॅम्बल्स' असाच येतो. त्यात आवाज असायलाच हवा असं नाही. हिशेबाच्या वह्या, भाड्याने दिलेलं घर, एखाद्या संघाची फलंदाजी, काहीही शॅम्बल्स होऊ शकतं.

बेडलमला मात्र माणसं लागतात आणि तीही एकाच वेळी ओरडणारी. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ निघाला. पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले आणि बेथलेहेमचं लोकांच्या तोंडी बेडलम झालं. अठराव्या शतकात लंडनकर तिथे रुग्ण 'बघायला' जात, करमणूक म्हणून. हे इस्पितळ जागा बदलत बदलत आजही चालू आहे. त्याच्या एका जुन्या इमारतीत आता युद्धसंग्रहालय आहे, यावर काय बोलणार! तेव्हा मधल्या सुट्टीतला वर्ग बेडलम, आणि मुलं गेल्यावर मागे उरतं ते शॅम्बल्स.

पँडेमोनियम हा इंग्रज कवी मिल्टनने घडवलेला शब्द. त्याच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (१६६७) ते नरकाच्या राजधानीचं नाव आहे, सैतानांचं सभागृह. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं विधिमंडळातल्या गदारोळाला हमखास हाच शब्द वापरतात. गंमत अशी की मिल्टनच्या त्या सभेत सैतान एकामागून एक उठून रीतसर भाषणं करतात. कुणी कुणाच्या अंगावर कागद भिरकावत नाही.

मेहेम कोर्टातून आला. एखाद्याचा लढायला उपयोगी असा अवयव निकामी करणं, हा जुन्या इंग्रजी कायद्यातला गुन्हा. हात, पाय, डोळा त्यात येत. पुढचे दातही येत! नाक-कान कापणं मात्र येत नसे, कारण त्याने माणूस विद्रूप होतो, लढाईला निकामी होत नाही. राजाला शिपाई हवा होता, त्याच्या रूपाशी त्याला काय करायचंय? म्हणून जिथे मोडतोड, मारामारी आहे तिथे मेहेम शोभतो. टेबलावरच्या पसाऱ्याला तो उगाच मोठा होतो.

हॅवक ही सैन्यातली आरोळी. ती उठली की लुटीला मोकळीक. आज तो जवळजवळ एकटा येतच नाही, रीक किंवा प्ले ही क्रियापदं धरून येतो, आणि त्यात कुणीतरी किंवा कशानेतरी केलेलं नुकसान असतं. अवकाळी पाऊस द्राक्षबागांत हॅवक करतो. आपला शब्द 'धूळधाण'.

केऑस (उच्चारात सुरुवातीला क, च नाही) ग्रीकमध्ये आ वासलेली पोकळी होती, सृष्टीच्याही आधीची. व्हॅन हेल्माँट या रसायनशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात 'गॅस' हा शब्द यावरूनच बनवला. केऑस निःशब्दही असू शकतो. व्यवस्थाच नाही, एवढंच तो सांगतो. कारभाराबद्दल बोलायचं असेल तर मी 'अनागोंदी' घेईन.

आता मनातल्या गोंधळाच्या शब्दांकडे. कन्फ्यूजन म्हणजे लॅटिनमध्ये एकत्र ओतणं, मिसळून टाकणं. आपण 'कालवाकालव' म्हणतो तेव्हा चित्र हेच, पण इंग्रजांची सरमिसळ डोक्यात होते आणि आपली काळजात. म्हणून कालवाकालवीला कन्फ्यूजन म्हटलं की भाषांतर पडलंच. अँग्झायटीच्या मुळाशी गळा आवळणं आहे. जर्मन आँग्स्ट आणि वेदातला 'अंहस्' हे त्याचेच भाऊबंद, सगळे अरुंद जागेत कोंडल्याच्या भावनेतून आलेले. 'जीव घुसमटतो' त्याच्या सर्वात जवळ जातं. हुरहूर मात्र अँग्झायटी नव्हे. तिच्यात थोडी ओढ असते, आणि इंग्रजीत त्यासाठी एक नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. अनीझ म्हणावं तर ओढ सुटते, लाँगिंग म्हणावं तर अस्वस्थता.