वक्रीभवन की अपवर्तन?

प्रश्न असा: ‘आम्ही शाळेत प्रकाशाचं वक्रीभवन शिकलो, मुलीच्या दहावीच्या पुस्तकात अपवर्तन आहे. जुना शब्द चुकीचा होता का?’

मुळीच नाही. आक्षेप एवढाच, की पाण्यात शिरताना किरण पृष्ठभागावर एकदाच दिशा बदलतो आणि पुढे सरळ जातो, मग त्याला वक्र कसं म्हणायचं? पण वक्र म्हणजे फक्त गोलाईचं नव्हे. आपला ‘वाकडा’ वक्रातूनच आला, आणि पेल्यातल्या पाण्यात चमचा वाकडाच दिसतो. वाफ नव्हती ती झाली की बाष्पीभवन, तसं वाकडं नव्हतं ते झालं की वक्रीभवन. शब्दाची घडण चोख आहे.

शिवाय काही ठिकाणी किरण खरोखरच कमानीसारखा वळतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, वरची त्यामानाने दाट राहते. किरण थराथरातून वळत वर येतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाशाचं पाणी दिसतं. ते मृगजळ. सूर्यही क्षितिजावर येण्याआधी सुमारे 2 मिनिटं दिसू लागतो, तोही वातावरणातल्या अशाच वळणामुळे. इथे मला वक्रीभवनच जास्त नेमकं वाटतं.

अपवर्तनाची जमेची बाजू म्हणजे त्याचं घराणं. परावर्तन, अपवर्तन, विवर्तन, सगळे ‘वृत्’ धातूचे. मात्र हा शब्द प्रकाशासाठी घडलेला नाही. भास्कराचार्यांच्या गणितात अपवर्तन म्हणजे सामाईक भाजकाने भागून संख्या लहान करणं. मराठी विश्वकोशात ‘प्रणमन’ही सापडतं, म्हणजे किरणाचं लवणं. प्रणामातलाच हा ‘नम्’. मला तो फार गोड वाटतो, पण रुळला नाही.

परीक्षेत अर्थातच अपवर्तन आणि अपवर्तनांक (पदार्थ किरणाला किती वळवतो ते सांगणारा आकडा) लिहावं: पाण्याचा सुमारे 1.33, हिऱ्याचा 2.42. इतरत्र वक्रीभवन बिनधास्त वापरा.

द्राक्षबागेत मात्र यातला एकही शब्द कानावर पडत नाही. रसाचे एक-दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचे, नळी उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची आणि आतल्या ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या प्रमाणाच्या, पट्टीवर निळसर-पांढऱ्याची सीमारेषा वाचायची. रसात साखर जास्त तितका किरण अधिक वळतो आणि रेषा वर सरकते. वक्रीभवनच मोजलं जातं, पण शेजारचा विचारतो ते एवढंच: ‘ब्रिक्स किती आला?’